बिनकेसाचा उंदीर आणि तुटक्या मिशा: खरूज की म्युटेशन?

मास्तर_राजापूर

नमस्कार मंडळी. दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकतेचा, तो शिकवला की दरवर्षी पोरं काही ना काही घेऊन येतातच, कुणाकडे सहा बोटांचं मांजर, कुणी म्हणे पांढरा कावळा बघितला. या वेळी एकाने मोबाईलवर फोटो आणलाय, त्यांच्या मांगरात नारळ ठेवतात तिथला उंदीर, मान आणि पाठ जवळजवळ उघडी पडलेली, एका बाजूच्या मिशा आखूड तुटक्या. पोरगा ठाम आहे की सर हे म्युटेशनच, म्हणजे जीनमधलाच बदल. मी म्हटलं असेल नसेल, बघून सांगतो. मग वाचत बसलो तर कळलं की प्रयोगशाळांमध्ये बिनकेसाच्या, कुरळ्या केसांच्या, वाकड्या मिशांच्या उंदरांच्या वेगळ्या जातीच सांभाळतात, पिढ्यानपिढ्या, शुद्ध वंशावळीसकट. त्या कशासाठी सांभाळतात, आणि आमच्या मांगरातल्या उंदराचा त्याच्याशी काही संबंध लागतो का, हे इथे कुणी सांगेल का? वर्गात सांगायचंय तेव्हा जरा सोपं करून सांगा. फोटो खाली टाकलाय, जेवताना उघडू नका.

मालवणी_तिरफळ

मास्तरानू फोटो बघलंय. म्युटेशन बिटेशन काय नाय, सरळ सरळ खरूज आसा. आमच्या वाड्यात असले कितीतरी दिसतत. पयलो त्या पोराक सांगा, हात लाव नको म्हणान. उंदराच्या मुतातसून लेप्टो जाता, शेतात जाणाऱ्यांका पावसात डॉक्सीच्या गोळयो देतत त्या काय उगाच?

चिपळूणचा_औषधवाला

लेप्टोचं अगदी बरोबर, मेलेला असला तरी उघड्या हाताने उचलायचा नाही, पायाला जखम असेल तर त्या खोपटात अनवाणी पण जायचं नाही. बाकी आम्ही बी.फार्मला होतो तेव्हा कॉलेजात फक्त पांढरे विस्टार उंदीर होते, लाल डोळ्यांचे. बिनकेसाचा फक्त पुस्तकात बघितला. देवगडची अनु ताई इथे असतात ना अधूनमधून, त्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, प्रयोगाची जनावरं ठेवतात तिथे, होत्या, त्यांना विचारा.

देवगडची_अनु

हाक मारलीत म्हणून आले. मी खारघरला एका संशोधन संस्थेच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये बरीच वर्षं काढली, आता देवगडला आंबे मोजतेय.

मास्तर, आधी तुमचा उंदीर. लॅबमधला रॅट म्हणजे रॅटस नॉर्व्हेजिकस, आणि मांगरात, माळ्यावर, माडावर फिरणारा बहुतेक वेळा रॅटस रॅटस, लांब शेपटीचा, चढण्यात पटाईत. म्हणजे प्रजातीच वेगळी. आता केस का गेले? फोटोत कानाच्या कडेला खपली दिसतेय का ते झूम करून बघा. कान, नाक, शेपूट इथे जाड खवल्यासारखी खपली असेल तर किडीची खरूज, तिरफळ म्हणतात ते खरं. आणि केस ठिगळाठिगळाने गेलेत, एका बाजूला जास्त एका बाजूला कमी, हेही आजाराकडेच बोट दाखवतं, कारण जन्मजात दोष असला की तो साधारण दोन्ही बाजूंना सारखा असतो.

पण मला कुणी एकच गोष्ट बघायला सांगितली तर मी मिशा बघेन. आमच्याकडे नवीन पिल्लं झाली की ती नागडी गुलाबीच असतात, सगळीच, त्यात बिनकेसाचं कुठलं आणि साधं कुठलं हे अंगावरून कळायला मार्गच नाही. पण मिशा जन्मतः असतात, पोटात असताना सगळ्यात आधी मिशांचीच मुळं तयार होतात. त्यामुळे जन्मल्यावर एकदोन दिवसांत भिंगाखाली तोंड बघायचं, मिशा सरळ असल्या तर साधं, वळलेल्या किंवा नसल्यातच जमा असल्या तर म्युटंट. केस यायची वाट बघत बसायला लागत नाही.

आता जाती. लोकांना वाटतं बिनकेसाचा उंदीर म्हणजे एकच प्रकार, तसं नाहीये, दिसायला सारखे पण बिघाड प्रत्येकाचा वेगळ्याच ठिकाणी.

सगळ्यात नावाजलेला न्यूड रॅट. १९५३ साली स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनच्या रॉवेट संस्थेत पहिल्यांदा दिसला, म्हणून रॉवेट न्यूड. गंमत म्हणजे त्याला टक्कल नसतंच! केसांची मुळं जागेवर असतात, केस तयार पण होतो, पण तो धड कडक होत नाही आणि कातडीतून बाहेर पडता पडता वळतो, मोडतो. आणि खरा घोटाळा आतच. १९७८ साली 'नेचर'मध्ये छापून आलं की याला थायमस ग्रंथीच नाही, म्हणजे टी पेशी नाहीत, म्हणजे परकं काही अंगात आलं तरी शरीर हाकलत नाही. न्यूड माऊसचंही (माऊस म्हणजे रॅटहून लहान उंदीर) तेच, तो १९६२ ला ग्लासगोत सापडला, आणि १९६९ मध्ये डेन्मार्कमध्ये माणसाच्या आतड्याचा कॅन्सर अशा माऊसमध्ये रुजवून वाढवून दाखवला. तिथून पुढे कॅन्सरच्या औषधांची कामं किती या नागड्या जनावरांवर झाली त्याला गणती नाही. जीन कुठला ते १९९४ ला कळलं, त्याला आता फॉक्सएन१ म्हणतात, एकच जीन केसाच्या मुळात पण लागतो आणि थायमस घडवायला पण. माणसात पण आहे हे, १९९९ मध्ये दक्षिण इटलीतल्या दोन बहिणींमध्ये याच जीनचा दोष दाखवला गेला, डोक्यावर केस नाहीत आणि टी पेशींचा तुटवडा.

दुसरा प्रकार हेअरलेस. हा वेगळा जीन, नावच हेअरलेस. लंडनमध्ये १९२० च्या दशकात पकडलेल्या माऊसपासून ही ओळ चालू झाली. याला पहिला कोट अगदी छान येतो, मिशा पण सरळ (म्हणून माझी मिशांची युक्ती इथे चालत नाही), आणि दोनेक आठवड्यांचा झाला की डोक्यापासून शेपटीकडे केस गळत जातात आणि परत येत नाहीत. का येत नाहीत ते पुढे सांगते, हात दुखला टाईप करून.

टक्कलकोकणी

डोक्यापासून सुरू होऊन परत येत नाहीत?? ताई हे तर माझंच वर्णन झालं, वय फक्त दोन आठवडे नव्हतं. आता पटकन सांगा, उंदरावर काही सापडलंय का आमच्यासाठी? खोबरेल तेल, कांद्याचा रस, माका, जास्वंद सगळं चोळून झालंय.

देवगडची_अनु

हाहा काका, तुमचं हार्मोनचं, ते वेगळं. पण उत्तर याच उंदरांच्या मिशांत आहे थोडंफार.

केसाच्या मुळाशी, एकदम तळाला, एक छोटा गोळा असतो पेशींचा, डर्मल पॅपिला. तोच वरच्या कातडीला सांगतो की केस बनव. केस गळायची वेळ आली की मूळ आखडत वर जातं आणि हा गोळा पण त्याच्याबरोबर वर सरकतो, मग पुढच्या फेरीत दोघं मिळून नवा केस करतात. हेअरलेस जीन बिघडलेल्या माऊसमध्ये पहिल्याच फेरीत हा गोळा खालीच राहून जातो. मूळ वर, गोळा खाली, बोलणं बंद, केस कायमचा बंद.

आता मिशा. ऑलिव्हर नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात उंदराच्या मिशांवर काम केलं, कारण मिशीचं मूळ एवढं मोठं असतं की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कापता येतं. मुळाचा खालचा भाग पॅपिलासकट कापून टाकला तरी मिशी परत उगवली, नवा पॅपिला तयार झाला, फार वरून कापलं तर मात्र नाही. मग १९८४ मध्ये जहोडा, हॉर्न आणि ऑलिव्हर यांनी मिशीच्या पॅपिलाच्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवून परत रोवल्या आणि केस आला. तेव्हाच सगळ्यांना वाटलं की टकलाचं काम झालं आता. पण माणसाच्या पेशी बशीत पसरून वाढवल्या की आपलं काम विसरतात. २०१३ मध्ये जहोडा आणि अँजेला क्रिस्टियानो यांच्या गटाने त्या थेंबात लोंबकळत ठेवून गोळा करून वाढवल्या तेव्हा कुठे माणसाच्या कातडीत नवे केस दिसले, आणि ती कातडी पण उंदराच्या पाठीवर लावलेली. दुकानात अजून काही नाही. जास्वंद लावत राहा, वास तरी बरा येतो.

टक्कलकोकणी

म्हणजे केस आला पण उंदराच्या पाठीवर. आमचं नशीब.

मास्तर_राजापूर

अनु ताई, काय सुंदर लिहिलंत. पोराकडून दुसरा फोटो मागवला, जवळून. दोन्ही कानांच्या कडेला पिवळट जाड खपली आहे, नाकावर पण थोडी. म्हणजे तिरफळरावांचीच सरशी. पोराला सांगितलं, जरा हिरमुसला, मग कुरळ्या मिशांचा विषय काढला तर परत डोळे चमकले. तेव्हा तो प्रकार आता सविस्तर पाहिजे, बोर्डाच्या परीक्षेत येईल अशा भाषेत.

मालवणी_तिरफळ

सांगलेलंय मी.

गुहागर_ते_पुणे

कुरळ्याचं मी सांगतो, पीएचडी याच भानगडीच्या शेजारी झाली माझी. रॅटमध्ये रेक्स नावाचं म्युटेशन आहे, केस कुरळे आणि मिशा कुरळ्या. जपानमध्ये क्योटो विद्यापीठात रॅटच्या जातींचा मोठा राष्ट्रीय साठा आहे, तिथल्या कुरामोतो यांच्या गटाने २०१० ला दाखवलं की केआरटी७१ या केरॅटिनच्या (केस, नखं ज्याची बनतात त्या प्रथिनाच्या) जीनमध्ये डीएनएची फक्त ७ अक्षरं गाळली गेलीत. आणि मजा अशी की हे केरॅटिन केसात नसतंच! केसाभोवती मुळात एक आतलं आवरण असतं, त्यात असतं. शिरवाळे पाडताना साच्याचं भोक वाकडं असलं तर पीठ कितीही चांगलं मळा, शेव वाकडीच पडणार, तसं आहे हे, केस बिचारा ठीक आहे पण ज्यातून बाहेर येतो ते आवरणच बिघडलंय. मिशीला पण तेच आवरण म्हणून मिशी पण वाकडी.

हाच जीन बिघडला की मांजरात स्फिंक्स आणि डेव्हन रेक्स, कुत्र्यात कुरळा कोट, माणसात पण लोकरीसारखे केस असलेल्या कुटुंबात सापडलाय. एक जीन, चार प्राणी. मास्तर हे वर्गात नक्की सांगा, पोरांना मांजर लगेच पटतं.

परीक्षेचं म्हणाल तर: एक प्रत रेक्स आणि एक साधी असेल तर उंदीर कुरळा. दोन कुरळ्यांची जोडी लावली तर सरासरी चारात एक साधा, दोन कुरळे, आणि एकाला दोन्ही प्रती रेक्स. तो चौथा आधी कुरळा असतो आणि दूध सुटायच्या सुमारास त्याचे केस गळून जातात. म्हणजे गुणोत्तर ३:१ नाही, १:२:१ डोळ्यांनी दिसतं. मेंडेलच्या वाटाण्यापेक्षा भारी उदाहरण आहे, पुस्तकात का नाही घालत कुणास ठाऊक.

एक गोष्ट मात्र, अनु ताईंच्या मिशांच्या नियमाला थोडी पाचर मारतो. पिंजऱ्यात दादागिरी करणारं जनावर बाकीच्यांच्या मिशा कुरतडतं, बार्बरिंग म्हणतात. माऊसमध्ये हे फार. तेव्हा मिशा नाहीत म्हणजे म्युटेशन असं नाही.

देवगडची_अनु

ते बरोबरच आहे, पण कुरतडलेली मिशी कात्रीने कापल्यासारखी दिसते, वळलेली नसते, आणि जनावर वेगळं ठेवलं की परत येते. पिंजऱ्यात एकाच्याच मिशा शाबूत दिसल्या की समजायचं न्हावी तोच. आणि मी बोलत होते एकदोन दिवसांच्या पिल्लांबद्दल, त्यांना कोण कुरतडतंय.

अजून एक प्रकार राहिला, लँसिओलेट, म्हणजे केसाचं टोक भाल्याच्या पात्यासारखं फुगतं आणि तिथेच मोडतो. डेस्मोग्लीन ४ म्हणून प्रथिन, पेशीला पेशी चिकटवून ठेवायचं काम करतं, ते नसलं की केस ताण घेत नाही. २००३ मध्ये माऊसमध्ये आणि पाकिस्तानातल्या काही कुटुंबांमध्ये हा दोष एकत्रच सापडला, लगेच पुढे रॅटच्या दोन ओळींमध्ये पण. माणसांच्या घराण्यातला जीन शोधताना उंदरामुळे दिशा मिळते ती अशी. मला वैयक्तिक हा सगळ्यात आवडतो, न्यूडचं फार कौतुक झालंय.

मुकी_बिचारी

सगळे अगदी रंगून बोलताय पण ज्याला जन्मतः अंगाचं रक्षण करायची शक्ती नाही असं जनावर मुद्दाम पिढ्यानपिढ्या जन्माला घालायचं आणि त्यात कॅन्सर रुजवायचा, याचं कुणालाच काही वाटत नाही का? आणि मांगरातला उंदीर खरजेने मरतोय त्याच्याबद्दल पण सगळे हसताय.

चिपळूणचा_औषधवाला

मांगरातल्या उंदराला आम्ही पिंजरा लावणारच हो, भाताचं बियाणं खाऊन जातो तेव्हा घरी येऊन बघा.

देवगडची_अनु

वाटतं. काम करणाऱ्यांना जास्त वाटतं, म्हणून तर मी सांगते आहे. न्यूड रॅट गाळलेल्या हवेच्या पिंजऱ्यात, निर्जंतुक दाणापाण्यावरच टिकतो, बाहेर आणला तर साध्या जंतूने जातो, म्हणजे आपण त्याला ज्या स्थितीत जन्माला घातलंय त्याची पूर्ण जबाबदारी आपलीच. बिनकेसाचा असल्याने थंडी पण लवकर वाजते, खोली जास्त उबदार ठेवायला लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची समिती आहे, आधी सीपीसीएसईए म्हणायचे आता सीसीएसईए, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली, आणि संस्थेत नैतिकता समिती असते, किती जनावरं, का, दुसरा मार्ग का नाही हे आधी लिहून द्यावं लागतं. तो अर्ज काही जण उरकायचा म्हणून उरकतात, हेही खरं, त्यांच्यावर माझा राग आहे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी मात्र आपल्याकडे २०१४ पासून बंद आहे, ती मला पहिल्यापासून फालतूच वाटायची, एका क्रीमसाठी कशाला. कॅन्सरच्या औषधासाठी माझं मत वेगळं आहे, तुमचं नसेल, चालेल.

मुकी_बिचारी

पूर्ण पटलं नाही पण उत्तर सरळ दिलंत त्याबद्दल आभार.

मालवणी_तिरफळ

माका एक सांगा, वाकड्या मिशांचो उंदीर माडार चढात काय? आमचे काळोखात ह्या झापावरसून त्या झापार जातत आणि आडसरां (शहाळी) पोखरतत, खाली एक पडणत नाय.

गुहागर_ते_पुणे

तिरफळराव हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा आहे! १९१२ मध्ये व्हिन्सेंट नावाच्या बाईंनी पांढऱ्या उंदरांच्या मिशा कापून त्यांना चक्रव्यूहात सोडलं होतं, मिशा नसलेले वाट चुकायचे, कडेवरून पाय घसरायचे. उंदीर चालताना मिशा सेकंदाला साधारण ८ वेळा पुढेमागे हलवतो, काळोखात त्याचे डोळे तेच. त्यात पांढरा लॅब रॅट तर आधीच नजरेने अधू. हा पांढरेपणा पण एक म्युटेशनच, आणि २०१२ मध्ये क्योटोच्याच लोकांनी ११७ पांढऱ्या जाती तपासल्या तर सगळ्यांत टायरोसिनेज जीनमधली तीच एक चूक निघाली, म्हणजे जगभरच्या लॅबमधले पांढरे उंदीर एकाच पूर्वजाचा गोतावळा.

आणि मिशांचा मेंदूत नकाशा असतो. १९७० मध्ये वूल्सी आणि व्हान डर लूस यांनी माऊसच्या मेंदूच्या चकत्या बघितल्या तर पेशींचे पिंपासारखे गोल गोल गट दिसले, ओळीने, आणि गालावरच्या मिशा ज्या पाच ओळींत तसेच्या तसे. एक मिशी एक पिंप. मग त्यांच्या गटाने जास्तीच्या मिशा असलेल्या माऊसच्या ओळी निवडून निवडून वाढवल्या, आणि मेंदूत पिंपं पण जास्तीची निघाली. मला हे वाचून वेड लागायची पाळी आली होती तेव्हा, मेंदूत काही बदल केलेला नाही, गालावर एक केस जास्त उगवला आणि मेंदूने त्याला जागा करून दिली.

वाकड्या मिशांच्या उंदराला माडावर चढवून कुणी बघितलेलं माझ्या वाचनात नाही. माझा अंदाज विचाराल तर चढेल, नखं आणि शेपूट आहे ना, पण झापावरून झापावर उडी मारताना अंतर चुकेल.

मालवणी_तिरफळ

मगे तसलेच पाळूक व्हये आमच्या बागेत. चार वाकड्या मिशांचे सोडा, पुढची पिढी सगळी खाली.

गुहागर_ते_पुणे

लॅबवाला माडावरच्याशी जुळतच नाही, प्रजाती वेगळी, अनु ताईंनी वर सांगितलंय. आणि जुळला असता तरी जो खाली पडला त्याची पुढची पिढी कुठून येणार? म्हणून तर असली म्युटेशन्स रानात टिकत नाहीत, पिंजऱ्यातच टिकतात.

मास्तर_राजापूर

हे शेवटचं वाक्य तर धड्याच्या दुसऱ्या भागात, उत्क्रांतीत बसतंय. एक शंका, न्यूड उंदरांची ओळ सांभाळतात कशी? दोन्ही न्यूड घेऊन जोडी लावत असतील ना, म्हणजे सगळी पिल्लं न्यूड.

देवगडची_अनु

कागदावर बरोबर, पिंजऱ्यात नाही चालत. न्यूड मादी पिल्लं नीट वाढवत नाही. म्हणून नर न्यूड घ्यायचा, आणि मादी केसाळ पण एक प्रत बिघडलेली, वाहक. पिल्लं साधारण अर्धी न्यूड, अर्धी वाहक, आई धडधाकट. पोरांना हेच गणित घाला, नर दोन्ही बिघडलेल्या प्रतींचा आणि मादी वाहक असेल तर काय निघेल, बघा किती जण ३:१ लिहितात.

चिपळूणचा_औषधवाला

ताई एक अवांतर, आपल्याकडे अ‍ॅनिमल हाऊस चालवायचं तर दमट हवेचं काय करतात? आमच्या कॉलेजात जूनला दाण्याच्या गोळ्यांवर बुरशी यायची.

देवगडची_अनु

पुस्तकं सगळी थंड देशातली, त्यात इशारा उलटा असतो, हवा कोरडी झाली तर रॅटच्या पिल्लांच्या शेपटीला वळे पडून शेपूट झडते, रिंगटेल म्हणतात. आपल्याकडे समुद्रकाठी ते बघायला मिळणं कठीण. आपलं दुखणं म्हणजे दाणा, भुसा आणि अमोनियाचा वास. दाणा थोडा थोडा मागवायचा, जमिनीपासून वर फळीवर ठेवायचा, भिंतीला टेकवायचा नाही, आणि भुसा पावसात जास्त वेळा बदलायचा. एसी बंद पडला की मात्र सगळं सोडून धावायचं, जनरेटरचं डिझेल मेमध्येच भरून ठेवायचं.